शाळा समोर दिसते, पण जायचे कुठून?

"गच्चीवरून मुलाची शाळा दिसते, पण सायकलने जायला दीड किलोमीटर पडतो. असे का?" "एन.ए. प्लॉट आहे, तीस फुटी रस्ता आहे, भावही बरा आहे. घेऊ का?" "शहर वाट्टेल तसे पसरले, असे सगळेच म्हणतात. पण निवेदन घेऊन गेलो की साहेब विचारतात, कशावरून? त्यांना काय दाखवायचे?"

जळगाव आणि धुळ्याच्या नव्या कॉलन्यांतले वाचक हे तीन प्रश्न वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. तिन्हींचे उत्तर एकाच कामात आहे. रस्ते मोजायचे. किती किलोमीटर डांबर पडले हे मोजायचे नाही, ते ठेकेदाराच्या बिलात असते. रस्ते एकमेकांना कुठे भेटतात आणि कुठे अडतात, हे मोजायचे. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. एक रविवार, एक छापील नकाशा, दोन रंगांची पेने आणि बरोबर चालायला शेजारी असला की भागते.

आधी ठरवा, मोजायचे कशासाठी

मोजणी अर्धवट सुटते ती बहुधा याच टप्प्यावर. सगळे शहर मोजायला निघालेली मंडळी पंधरा दिवसांत कंटाळतात. तुमचे काम नेमके कोणते ते पाहा:

- प्लॉट किंवा घर घेणार असाल, तर फक्त त्या जागेभोवतीचा एक चौरस किलोमीटर मोजा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.
- कॉलनीला दुसरा रस्ता हवा असेल, तर कॉलनी आणि तिला लागून असलेल्या सगळ्या कॉलन्या एकत्र मोजा. एकट्या तुमच्या कॉलनीचा आकडा काही सिद्ध करत नाही, कारण तुटलेला दुवा नेहमी दोन कॉलन्यांच्या मधल्या भिंतीवर असतो.
- शहराच्या वाढीवर बोलायचे असेल (विद्यार्थी, नगरसेवक, संस्था), तर जुने गाव, मधली वस्ती आणि कडेची वस्ती असे तीन नमुने घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. सरासरीच्या नादी लागू नका.

डोळा बसवण्यासाठी धुळ्याच्या गल्ल्या

चांगली आखणी कशी असते हे पाहायला परदेशात जायला नको. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या सुमारास धुळे हे खानदेशचे ठाणे केले आणि पांझरा नदीच्या दक्षिणेला नवी पेठ वसवली. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे रस्ते आणि नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्या वस्तीची ओळख. आजही धुळेकर पत्ता सांगताना "गल्ली नंबर चार" म्हणतो आणि पाहुणा न चुकता पोहोचतो.

धुळे विश्वेश्वरय्यांनी आखले, असे अनेकजण ठासून सांगतात. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, खानदेशात त्यांनी काम केले, दातर्तीजवळ पाणी नदीपलीकडे नेणारा सायफन बांधला, हे खरे. पण ब्रिग्जची पेठ त्यांच्या जन्माच्याही चाळीसेक वर्षे आधीची आहे. मोठ्या माणसाच्या नावावर आणखी एक पुण्य जमा करण्याची आपली सवय, दुसरे काय.

या गल्ल्यांतून तासभर फिरा. एक गल्ली हातगाड्यांनी अडली तर पुढच्या चौकातून दुसरी मिळते. मग देवपूरकडे किंवा साक्री रोडच्या पलीकडे गेल्या तीस वर्षांत झालेल्या कुठल्याही कॉलनीत जा आणि तसेच फिरून पाहा. फरक पायांना आधी कळतो, आकड्यांना नंतर.

दोनशे वर्षांत त्या पेठेतली बहुतेक घरे पडली आणि नव्याने बांधली गेली. रस्ते मात्र जिथे होते तिथेच आहेत. म्हणून मोजणीची घाई नव्या वस्तीत करायची. तिथे रस्ता अजून कागदावर असतो, पुसता येतो. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये जगभरच्या शहरांचे रस्ते तपासले. १९७५ पासून बहुतेक ठिकाणच्या नव्या वस्त्यांत रस्ते अधिकाधिक तुटक होत गेल्याचे त्यांना आढळले. म्हणजे हे दुखणे एकट्या खानदेशचे नाही.

मोजणी कशी करायची

१. चौकोन आखा. गूगल अर्थवर तुमची जागा मध्यभागी ठेवून एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद चौकोन काढा. त्यातली मोजपट्टी फुकट आहे. उपग्रहचित्र ए-थ्री कागदावर छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात होते.

२. चौक मोजा. तीन किंवा अधिक रस्ते जिथे भेटतात तिथे निळा ठिपका. नुसते वळण म्हणजे चौक नव्हे.

३. बंद टोके मोजा. रस्ता जिथे कंपाउंडला, नाल्याला किंवा शेताच्या तारेला जाऊन थांबतो तिथे लाल ठिपका.

४. तुकडे मोजा. दोन ठिपक्यांमधला रस्ता म्हणजे एक तुकडा.

५. जागेवर जा. हा टप्पा टाळू नका. उपग्रहाला झाडाखालची बोळ दिसत नाही आणि रस्त्यात कुणी बांधलेला ओटाही दिसत नाही.

६. वळसा मोजा. शाळा, औषधांचे दुकान, रिक्षाथांबा, भाजीबाजार आणि शेजारची कॉलनी, अशी पाच ठिकाणे घ्या. प्रत्येकाचे सरळ रेषेतले अंतर आणि प्रत्यक्ष चालण्याचे अंतर लिहा. चालण्याच्या अंतराला सरळ अंतराने भागा.

आता हे आकडे काय सांगतात ते पाहू. एका चौकापासून पुढचा चौक शंभर मीटरवर असेल, तर एका चौरस किलोमीटरात साधारण १०० चौक बसतात. तोच दोनशे मीटरवर गेला की फक्त २५. संयुक्त राष्ट्रांचा वसाहतविषयक विभाग शंभराच्या आसपासचा आकडा चांगला मानतो. अमेरिकेतल्या 'लीड' या हरित मानांकनाची वस्त्यांसाठीची किमान अट चौरस मैलाला १४० चौकांची आहे, म्हणजे आपल्या मापात सुमारे ५४. पन्नासच्या खाली गेलात तर चालणाऱ्याचे हाल सुरू झाले असे समजा.

वळशाचे गणित त्याहून सोपे. काटकोनी आखणीत कुठूनही कुठेही जा, मोठ्या अंतराला वळसा १.४ च्या आसपासच थांबतो. दीडपर्यंत ठीक. दोनच्या वर गेला की मध्ये एखादा दुवा तुटलेला आहे आणि तो नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. गच्चीवरून शाळा पाहणाऱ्या वाचकाचे घ्या. सरळ अंतर समजा ३०० मीटर असेल आणि वाट १,५०० मीटरची, तर आकडा येतो पाच. असा एक आकडा निवेदनात लिहिला की "फार गैरसोय होते" या वाक्याची गरज राहत नाही.

तुकड्यांना ठिपक्यांनी (चौक अधिक बंद टोके) भागले की जोडणीचा आकडा मिळतो. तो १.४ च्या पुढे असावा, असा नगररचनेतला रूढ ठोकताळा आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या कॉलनीवर तो लावून पाहा. समजा, मुख्य रस्त्यावरून एक रस्ता आत जातो आणि शेवटी कंपाउंडला थडकतो. वाटेत चार ठिकाणी त्याला डावी-उजवीकडे गल्ल्या फुटतात. आठ गल्ल्या, आठही पुढे बंद. ठिपके झाले १४ (पाच चौक, नऊ बंद टोके), तुकडे १३. भागाकार ०.९३. आता डावीकडच्या भिंतीपलीकडे शेजारच्या कॉलनीचा रस्ता आहे आणि चार गल्ल्या त्याला जोडल्या, असे धरा. त्या रस्त्याचे तीन तुकडे हिशेबात आले, आकडा १.१४ झाला. उजवीकडेही तसेच केले तर १९ भागिले १४, म्हणजे १.३६. नवे डांबर जवळजवळ शून्य, फक्त आठ ठिकाणची भिंत गेली. बंद टोके नवावरून एकावर आली.

या हिशेबामुळेच मी वाचकांना सांगतो की चारांपैकी एकच आकडा काढायला वेळ असेल, तर बंद टोके मोजा. पाच ठिपक्यांत एक लाल असला तर चालून जाते. तीनात एक झाला की वस्ती बाटलीसारखी होते, सगळे एकाच तोंडातून आत-बाहेर. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, कायद्यातला नाही.

संगणकाची हौस असणाऱ्यांसाठी 'क्यूजीआयएस' ही फुकट प्रणाली आणि 'ओपनस्ट्रीटमॅप'चा नकाशा आहे. पायथन येत असेल तर 'ओएसएमएनएक्स' हे सगळे आकडे काही मिनिटांत काढून देते. पण छोट्या शहरांच्या कडेच्या कॉलन्या त्या नकाशात बऱ्याचदा अर्ध्याच असतात. आधी त्या भरा, मग कळ दाबा.

फाटक, नाला आणि महामार्ग

कॉलनीच्या आतले आकडे चांगले आले तरी जळगावात हुरळून जाऊ नका. या शहराचे खरे दुखणे मोठ्या रेषांत आहे. मुंबई-हावडा मार्ग शहरातून जातो आणि सुरतेकडून येणारा रेल्वेमार्ग इथेच त्याला मिळतो. दक्षिणेच्या बाजूने जुना राष्ट्रीय महामार्ग सहा (आता ५३) शहराच्या मधून गेला आहे. महामार्ग आखला तेव्हा तो गावाबाहेर होता. नंतर शहर त्याच्या पलीकडे गेले आणि महामार्ग तसाच राहिला. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी केलेली आंदोलने याच दुखण्याची.

शिवाजीनगरचा इंग्रजकालीन रेल्वेपूल २०१९ मध्ये पाडला गेला, तेव्हा एका दुव्याची किंमत सगळ्या शहराने पाहिली. पुलापलीकडच्या माणसाचे घर हलले नव्हते, दुकान हलले नव्हते. नवा पूल होईपर्यंत बाजार मात्र लांब गेला. चौकांच्या घनतेचा कुठलाही आकडा त्या दिवशी बदलला नसता. एका चौरस किलोमीटरात कितीही चौक असोत, रुळांवर पूल एकच असेल तर त्या एकावर सगळी मदार.

म्हणून रेषांची वेगळी मोजणी करा:

- रेल्वे, महामार्ग, नदी किंवा नाला यांचा तुमच्या भागातला एकेक किलोमीटर घ्या आणि त्यावर ओलांडायच्या जागा किती ते लिहा.
- प्रत्येक जागेपुढे तीन रकाने करा: पायी जाता येते का, दुचाकी जाते का, रुग्णवाहिका जाते का. जळगावच्या बजरंग बोगद्यासारख्या ठिकाणी या तिन्हींची उत्तरे सारखी येणार नाहीत.
- चौथा रकाना पावसाळ्याचा. फरशी पूल पाण्याखाली जातात. पांझरेला पूर आला की धुळ्यातल्या लहान पुलांचे काय होते, हे देवपूरच्या लोकांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा जा आणि कोणती जागा बंद होती ते तारखेसह टिपा.
- महामार्गावर दुभाजकातली फट ही ओलांडायची जागा धरू नका. लोक तिथून जातात, म्हणून ती रस्ता होत नाही. खोटेनगरपासून अजिंठा चौफुलीपर्यंत स्वतः चालून पाहिलेत, तर सिग्नल, भुयारी मार्ग आणि नुसती फट यांतला फरक आपोआप कळेल.

दोन ओलांडायच्या जागांमधले अंतर पाचशे मीटरच्या वर असेल, तर पायी जाणारा माणूस मधूनच ओलांडतो. त्याला शिस्त लावण्याआधी ते अंतर कागदावर आणा.

पसारा कसा मोजायचा

"शहर पसरले" याला तीन साधे पुरावे आहेत.

पहिला, जमीन आणि माणसे. दोन वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रे घ्या. गूगल अर्थमध्ये मागची वर्षे पाहता येतात, इस्रोच्या 'भुवन'वरही चित्रे आहेत. वस्ती झालेल्या भागाभोवती रेघ मारून क्षेत्रफळ काढा. समजा, दहा वर्षांत ते २० वरून ३० चौरस किलोमीटर झाले आणि लोकसंख्या ४ लाखांवरून ४.८ लाख झाली. जमीन ५० टक्क्यांनी वाढली, माणसे २० टक्क्यांनी. ५० ला २० ने भागले की अडीच. हा आकडा एकाच्या वर गेला म्हणजे माणसांपेक्षा जमीन वेगाने खर्ची पडते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हेच माप (११.३.१) थोड्या वेगळ्या सूत्राने वापरतात. त्याच उदाहरणात माणशी जमीन ५० चौरस मीटरवरून ६२.५ झाली, हे सभेत सांगायला अधिक सोपे.

अडचण लोकसंख्येची आहे. २००१ ते २०११ मध्ये जळगाव सुमारे ३.६८ लाखांवरून ४.६० लाखांवर गेले, धुळे ३.४१ वरून ३.७५ लाखांवर. त्यानंतरची जनगणना लांबत लांबत २०२७ वर गेली आहे. तोवर कुणी छातीठोकपणे आजची लोकसंख्या सांगितली, तर ती अंदाजाची आहे असे धरा आणि तुमच्या कागदावरही "अंदाज" असेच लिहा.

दुसरा पुरावा रिकाम्या प्लॉटांचा, आणि माझ्या मते आपल्या भागात हाच सर्वांत बोलका. खानदेशात पैसा हातात आला की सोने नाहीतर प्लॉट. पोरीच्या लग्नासाठी, पोराच्या शिक्षणासाठी घेतलेल्या प्लॉटवर पंधरा-पंधरा वर्षे वेडी बाभूळ उभी असते. कडेच्या एका ले-आऊटमधले शंभर प्लॉट मोजा आणि घरे किती उभी आहेत ते लिहा. दहा मीटर रुंदीचे प्लॉट दोन्ही बाजूंना असतील तर शंभर मीटर जलवाहिनी वीस घरांना पाणी देते. चौथाईच घरे उभी असतील तर तीच वाहिनी पाचांना. खर्च तोच, दिव्याचे खांब तेवढेच, घंटागाडीचा फेरा तेवढाच. वाघूर धरणाचे पाणी जळगावच्या शेवटच्या कॉलनीपर्यंत कमी दाबाने का येते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा या मोजणीत सापडतो.

तिसरा पुरावा उड्यांचा. जुन्या वस्तीला चिकटून नवी वस्ती झाली की मधली शेते उडी मारून पलीकडे झाली? मधला रिकामा पट्टा किती मीटरचा आहे तेवढे लिहा.

आकडा फसवतो तो असा

- हद्द बदलते. २०१८ मध्ये वलवाडी, भोकर, महिंदळे, चितोड, अवधान अशी भोवतालची गावे धुळे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाले. म्हणून त्या वर्षी धुळे "दुप्पट पसरले" असे होत नाही. हद्दीचे क्षेत्रफळ नव्हे, वस्तीचे क्षेत्रफळ मोजा.
- रिकामा भाग भागाकारात येतो. मेहरूण तलाव, एमआयडीसी किंवा रेल्वेचे यार्ड चौकोनात आले तर चौकांची घनता उगाच कमी दिसते. तो भाग वजा करा आणि वजा केल्याचे लिहा.
- दुभाजकाचा रस्ता. संगणक त्याचे दोन रस्ते धरतो आणि एका चौकाचे दोन किंवा चार करतो.
- कडेची बंद टोके. चौकोनाच्या रेघेवर कापलेला रस्ता बंद नसतो. तो लाल धरू नका.
- कुलपाचे फाटक. रात्री दहाला बंद होणारे फाटक दिवसा चौक आहे, रात्री टोक. दोन्ही लिहा.
- दाट म्हणजे चांगलेच, असे नाही. जुन्या जळगावच्या बोळांत चौकांची संख्या भरपूर येईल. तिथे अग्निशमनाचा बंब शिरत नाही. चौकांच्या आकड्याशेजारी रस्त्याची रुंदी लिहिली नाही, तर मोजणी अर्धी खोटी ठरते.

आणि एक अडचण माणसांची. दोन कॉलन्यांमधली भिंत काढायचा विषय निघाला की विरोध आधी आपल्याच कॉलनीतून होतो. "बाहेरच्या गाड्या येतील, चोऱ्या होतील." माझ्याच कॉलनीत या एका विषयावर तीन बैठका मोडल्या. शेवटी भिंतीत चार फुटांची वाट ठेवली, फक्त पायी आणि सायकलने जाण्यापुरती. मुलांच्या शाळेचा वळसा गेला, गाड्या आल्या नाहीत. पूर्ण रस्ता मिळत नसेल तर वाट मागा. मोजणीत ती "पायी दुवा" म्हणून वेगळी धरा.

कागद कुठे मिळतात, हक्क कोणते

नकाशे. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. तुमच्या गटाला लागून विकास योजनेतला कोणता रस्ता जातो आणि तो किती मीटरचा आहे, हे त्यावर दिसते. या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. अर्जाची पोच आणि ठरलेली मुदत मागून घ्या.

मंजूर रेखांकन. बिल्डरच्या माहितीपत्रकातला रंगीत नकाशा पुरावा नव्हे. मंजुरीचा शिक्का असलेला ले-आऊट मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिले अपील. अर्जात "माहिती द्या" असे मोघम लिहू नका. गट क्रमांक लिहा, "मंजूर रेखांकनाची प्रत आणि मंजुरीच्या अटी" असे मागा, आणि फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगीही मागा. ती मागण्याचा हक्क कायद्यात आहे.

शेजारच्या रस्त्याशी मेळ. ही तरतूद फार थोड्या वाचकांना माहीत असते. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, रेखांकन मंजूर करताना लगतच्या जमिनींतल्या रस्त्यांशी मेळ घालणे आवश्यक ठरवले आहे. तुमच्या शेजारच्या शेतात नवे प्लॉट पडत असतील तर मंजुरीच्या आधी, याच तरतुदीचा उल्लेख करून, तुमच्या मोजणीचा नकाशा जोडून लेखी अर्ज द्या. मंजुरीनंतर, प्लॉट विकले गेल्यावर, त्याच अर्जाला फारसा अर्थ उरत नाही.

बंद रस्त्याचे नियम. त्याच नियमावलीत १५० मीटरपेक्षा लांब बंद रस्ता फक्त निवासी भागात, सरळ रस्त्यावर आणि जास्तीत जास्त २७५ मीटरपर्यंतच चालतो. १५० मीटरवर गाडी वळवायला जागा हवी, ती किमान ८१ चौरस मीटरची आणि कुठल्याही बाजूने ९ मीटरपेक्षा कमी नको. बंद टोक सुरुवातीपेक्षा उंचावर असावे, अशीही अट आहे. कारण उघड आहे: टोक खोलगट असेल तर पावसाचे पाणी शेवटच्या घरात. जुन्या ले-आऊटला त्या वेळचे नियम लागू असतात, पण नव्याला टेप घेऊन जायला हरकत नाही.

विकास योजनेवरील हरकती. शहराची सुधारित प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकती आणि सूचना मागवतात. मुदत जाहीर सूचनेत असते, साधारण ३० दिवसांची. कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. हरकतीत गट क्रमांक, भाग नकाशा, वळशाचा आकडा आणि मागणी एकाच पानात मांडा. "आमच्या भागाचा विकास व्हावा" अशा हरकतींचे गठ्ठे असतात. "गट अमुक आणि गट तमुक यांमध्ये नऊ मीटरचा रस्ता दाखवावा" हे वाक्य मात्र समितीला नकाशावर नेमके तपासता येते. योजनेची उजळणी कायद्याने वीस वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. ही संधी हुकली तर पुढची बहुधा तुमच्या मुलाच्या वाट्याला.

गुंठेवारी. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी वसाहती नियमित करून घेण्याची तरतूद २०२१ मध्ये वाढवून मिळाली. नियमितीकरणाने घर कायदेशीर होते, दहा फुटी बोळ रुंद होत नाही. दोन्ही गोष्टी एक समजू नका.

प्लॉट घेण्यापूर्वी

"समोरून डीपी रोड (विकास योजनेतला रस्ता) जाणार आहे" हे वाक्य खानदेशात जितके प्लॉट विकते तितके दुसरे कुठलेही विकत नसेल. त्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नकाशावरचा रस्ता म्हणजे ताब्यातला रस्ता नव्हे. आणि योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर ते आरक्षण रद्द होते. तुम्ही ज्या रस्त्याच्या भरवशावर जास्तीचा भाव दिला, तोच रस्ता शेजाऱ्याने कायदेशीरपणे सोडवून घेतला, असे होऊ शकते.

इसार देण्यापूर्वी एवढे करा:

- कॉलनीला बाहेर पडायचे किमान दोन रस्ते आज, प्रत्यक्ष, वाहते आहेत का ते पाहा.
- नऊ मीटरचा रस्ता टेपने मोजा. आखणीत नऊ आणि कुंपणांमध्ये साडेसहा, असे बऱ्याच ठिकाणी आढळते.
- तुमच्या प्लॉटपुढचा रस्ता पुढच्या गटात जातो असे मंजूर रेखांकनात दाखवले असेल, तर त्या टोकाला जाऊन उभे राहा. तिथे भिंत, खोली किंवा देऊळ उभे राहिले असेल तर महापालिकेकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्या, आणि व्यवहार तोवर थांबवा.
- शंभर प्लॉटांत घरे किती ते मोजा. वीसच्या आत असतील तर पाणी, दिवे आणि घंटागाडी यांची वाट पाहायची तयारी ठेवा.
- आणि त्या प्लॉटपासून शाळेपर्यंत एकदा चालत जाऊन या. मे महिन्यात, दुपारी बाराला.